चोवीस पिशव्या आणि एक जपानी सिनेमा

१९८२च्या जुलैत माझं संशोधन संपलं. संपलं म्हणजे पूर्ण झालं असं नव्हे. विद्यापीठाने दिलेली पाच वर्षांची मुदत संपली आणि प्रबंधाचं तिसरं प्रकरण माझ्या टेबलावर राहिलं. यात विद्यापीठाची काही चूक नव्हती. मार्गदर्शक भले होते, ग्रंथालय उघडं असे, आणि मला कुणी छळलंही नाही. दर वेळी लिहायला बसले की वाटायचं, आणखी एका महिन्याची मोजमापं हाती आली तर आलेख जास्त नीट दिसेल. तो महिना येई, आलेख जरा नीट दिसे, आणि मग पुढच्या महिन्याची ओढ लागे. अशा रीतीने मी पाच वर्षं अत्यंत काटेकोरपणे वाया घालवली.

विषय होता खाडीतल्या तिसऱ्यांची, म्हणजे चिखलातल्या खायच्या शिंपल्यांची, वाढ. तिसरीच्या शिंपल्यावर वळ्या असतात, त्यांवरून वय सांगता येतं का, ती किती भराभर वाढते, किती जगते, असं सगळं. आणि नमुने पुरवायची माझी आई, धोंडूबाई. हेदवीजवळच्या खाडीत दर अमावास्येच्या ओहोटीला ती चिखलात उतरायची. मी तिला एक फूट बाय एक फूट अशी लाकडी चौकट करून दिली होती. ती चिखलावर टाकायची आणि आत जे सापडेल ते सगळं वेचायचं. लहान, मोठं, काही निवडायचं नाही. हा नियम मी तिला इतक्यांदा समजावला की शेवटी ती म्हणाली, "गो, एकदा सांगितलंस ना? मी काय तुझ्या कॉलेजातली पोर हाय काय?" शंभर भरल्या की गोणपाटाच्या ओल्या पिशवीत बांधून ती तवसाळला नेऊन जानूकडे द्यायची. जानू होडीवाला. तो खाडी ओलांडून जयगडला एसटीच्या कंडक्टरकडे पिशवी सोपवायचा आणि संध्याकाळपर्यंत ती रत्नागिरीत माझ्या हातात यायची. पावसाळ्याचे चार महिने सोडून वर्षाला आठ पिशव्या. मी मोजमाप करून आईला कार्ड टाकायचे: 'शंभर मिळाल्या. सरासरी लांबी बत्तीस मिलिमीटर.' आई ते कार्ड शेजारच्या पोराकडून वाचून घ्यायची आणि मग गावभर सांगायची की यंदा बत्तीस आलंय.

मुदत संपली हे मी आईला कळवलं नाही.

ऑक्टोबरात पिशवी आली. शंभर जिवंत तिसऱ्या, त्यांना टाकून कशा द्यायच्या? माझी घरमालकीण हौसाकाकू म्हणाली, "अगो, संशोधन झालं तुझं, की मी खोबरं किसायला घेऊ?" त्या रात्री आम्ही संशोधन सुकं केलं. कोकम जरा जास्त पडलं होतं. नोव्हेंबरात पुन्हा पिशवी आली. आईला लिहायचं म्हणून मी कार्ड घेऊन बसले आणि लिहिलं, 'मिळाल्या.' मग डिसेंबर आला. विज्ञान शिकलेल्या माणसाला सवयीचे परिणाम ठाऊक असतात, पण त्याचा उपयोग होतोच असं नाही. १९८५च्या मेपर्यंत मी तेवीस पिशव्या खाल्ल्या. हौसाकाकूचा वाटा धरून.

चोविसावी पिशवी आई स्वतःच घेऊन आली.

तवसाळच्या धक्क्यावर पिशवी देताना तिचा गुडघा अडकला होता, आणि जानूने तिला दटावून माझ्याकडे धाडलं होतं. मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गुडघा दाबून पाहिला आणि विचारलं, "काम काय करता, आजी?"

"चिखलात उतरते. तिसऱ्या काढते."

"बंद करा. पाण्यात, चिखलात उभं राहायचं नाही. नाहीतर वर्षभरात काठी लागेल."

"पोरीचं पुस्तक झालं की बंद," आई म्हणाली, जणू डॉक्टरांशी सौदा ठरत होता. "अजून किती राहिलंय गो, कमळे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या हाडांच्या तक्त्याकडे पाहिलं.

"थोडं," मी म्हणाले.

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले. 'आई, एक सांगायचंय' इथपासून सुरुवात करायची, हे पक्कं होतं. दुसरं वाक्य मात्र जमेना. हेदवीत माझ्याबद्दल काय बोललं जातं ते मला माहीत होतं. मी कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर होते, तीही दर वर्षी नव्याने नेमलेली. म्हणजे मुलांपुढे बेडूक फाडून दाखवायचा आणि नंतर टेबल पुसायचं. गावात याचं 'प्रोफेसर' झालं होतं. आणि पुस्तकाचं तर काय! दशभुजा गणपतीच्या देवळात आईने सांगून ठेवलं होतं की पुस्तक छापून आलं की पहिली प्रत देवापुढे. मुलगी तिसऱ्यांवर पुस्तक लिहिते, आणि त्या तिसऱ्या आपण काढून देतो, हे तिच्या आयुष्यातलं एकमेव काम होतं ज्यात तिच्या मते नुसते हात नव्हते, डोकंही होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, आणि आमच्या फिल्म सोसायटीचा खेळ.

सोसायटी म्हणजे चित्रकलेचे गंगाराम सर, शाळेचा सुट्टीत रिकामा पडलेला हॉल, एक जुना प्रोजेक्टर आणि बेचाळीस सभासद. सकाळी नऊला खिडक्यांवर गोणपाटं लावून खेळ सुरू व्हायचा. प्रोजेक्टर एकच असल्यामुळे प्रत्येक रिळानंतर पाच मिनिटं थांबावं लागे, आणि त्या पाच मिनिटांत मी उठून झालेली गोष्ट मराठीत सांगायची, अशी पद्धत पडली होती. सिनेमे परदेशी, खाली अक्षरं इंग्रजीत, आणि ती भराभर पळणारी. सरांच्या मते माझं इंग्रजी अचूक होतं आणि मी पदरचं काही घालत नव्हते. "कमळाबाई सांगतात म्हणजे प्रयोगाची वही," असं ते कौतुकाने म्हणत.

आईला घरी एकटं ठेवण्यापेक्षा सोबत नेलं. पहिल्या रांगेत बसवलं. त्या दिवशी सिनेमा जपानी होता. जपानी म्हणजे मारामारी असणार अशा समजुतीने नेहमीपेक्षा दहा-पंधरा माणसं जास्त आली होती.

मारामारी नव्हती. एक म्हातारी बाई गावात कापड रंगवायचं काम करते. तिचे हात कोपरापर्यंत काळे दिसत होते. सिनेमा काळा-पांढरा असल्याने खरा रंग निळा असावा असा माझा अंदाज. तिचा मुलगा डॉक्टर व्हायला शहरात गेलेला. बारा वर्षांनी ती त्याला भेटायला निघते. तो पांढरा कोट घालून स्टेशनवर येतो. एवढं पहिलं रीळ.

"ही लोकं आपल्यासारखी खाली बसून जेवतात गो," आई म्हणाली. "आणि चपला भायेर काढतात. बरी दिसतात."

मी उभी राहून गोष्ट सांगितली. आई मागे वळून लोकांकडे बघत होती. ते सगळे ऐकताहेत ना, हे पाहायला.

दुसऱ्या रिळात ती बाई मुलाला न सांगता बाजारात जाते. रस्त्याच्या पलीकडे एका औषधांच्या दुकानात तिला तो दिसतो. काउंटरमागे उभा राहून पुड्या बांधतोय. ती बराच वेळ रडत बघत राहते. रात्री तो समोर गुडघे टेकून बसतो आणि बोलू लागतो. खाली अक्षरं आली: मी तीनदा नापास झालो. पत्रात लिहिलं नाही. कोट मित्राचा आहे.

दिवे लागले. सर रीळ बदलायला गेले. साठ माणसं माझ्याकडे बघू लागली, आणि पहिल्या रांगेतून आई.

मी आजवर पाण्याची क्षारता चुकीची नोंदवलेली नाही. तापमान अर्ध्या अंशाने चुकलं तर मी पान फाडून नव्याने लिहिलं आहे. आणि मी उभी राहून, स्पष्ट आवाजात, म्हणाले, "मुलगा मोठा डॉक्टर झालेला आहे. औषधांच्या दुकानात तो तपासणीसाठी गेला होता. आईला ते पाहून फार आनंद झाला."

"मग ती रडत का व्हती?" मागून कुणीतरी विचारलं.

"आनंदाश्रू," मी म्हणाले.

खोट्याचा त्रास असा की पुढचं रीळ आपल्याला विचारून येत नाही. तिसऱ्या रिळात मुलाने आईपुढे चटईवर कपाळ टेकलं आणि तो ते उचलेचना. आईने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी ती गाठोडं बांधून त्या दुकानात गेली आणि गिऱ्हाइकासारखी उभी राहून त्याच्याकडून मलमाची डबी विकत घेतली. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला.

दिवे लागले. मी उठले.

"डॉक्टर मुलाने आईला नमस्कार केला. जपानमध्ये तशी रीत आहे. मग आई त्याला भेटायला, म्हणजे, दवाखान्याला जोडून जे दुकान असतं…"

"अहो बाई!" भिकाजीकाका उभे राहिले. हे निवृत्त पोस्टमास्तर, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तारा वाचलेले. "कसला नमस्कार? तो माफी मागतोय! खाली इंग्रजीत लिहिलं होतं की. तीनदा नापास झालाय तो. डॉक्टर कुठला, दुकानात नोकर आहे."

"मग बाई मघापासून काय सांगत व्हत्या?" मागचा आवाज.

"तरी मी म्हटलं, डॉक्टर पुड्या कशाला बांधील!"

"मला वाटलं, जपानात बांधत असतील."

गंगाराम सर हातात रीळ घेऊन थिजले होते. "कमळाबाई, अक्षरं फार भराभर गेली का?" त्यांनी दयाळूपणे विचारलं.

तेवढ्यात आई उठली. गुडघ्यामुळे तिला खुर्चीला धरून उठावं लागलं. "थांबा हो जरा," ती सगळ्या हॉलला म्हणाली. "माझ्या पोरीला सांगू द्या. ती कॉलेजात शिकवते. ती खोटं कशाला सांगंल?" आणि माझ्याकडे वळून, "सांग गो. नीट सांग."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला राग चालला असता.

मी सांगितलं. "भिकाजीकाका म्हणतात ते बरोबर आहे. मुलगा डॉक्टर झाला नाही. तीन वर्षांपूर्वीच सगळं संपलं होतं. आई दर महिन्याला त्याच्यासाठी राबत होती, आणि त्याला ते दिसत होतं. आईला कळवायचं राहिलं." मग मी थांबले, कारण हे वाक्य अचूक नव्हतं. "राहिलं नाही. त्याने कळवलं नाही."

"तीन वर्षं कुठं लिहिलं होतं?" भिकाजीकाका पुटपुटले. "नापास तीनदा झाला, एवढंच." पण सरांनी दिवे घालवले होते.

चौथ्या रिळात ती बाई गावी परतते आणि पुन्हा कापड रंगवते. शेवटी बांबूवर वाळत घातलेलं एक लांब कापड पूर्ण एक मिनिट दिसत राहिलं. प्रोजेक्टर अडकला असं समजून दोघं-तिघं उठून गेले. आई त्या कापडाकडे टक लावून बघत होती. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "घरी नको. दर्याकडं चल."

आम्ही मांडवीला आलो. ऊन तापलं होतं. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून ठेवायला सुरुवात झाली होती. अशाच एका होडीच्या सावलीत आई पाय लांब करून बसली.

"आई, एक सांगायचंय," मी म्हणाले.

"सांगितलंस की. साठ माणसांपुढं."

रात्री जागून पाच वाक्यं रचून ठेवली होती, ती सगळी एकदम निकामी झाली.

"मला ठाव व्हतं," आई म्हणाली.

"कधीपासून?"

"कार्डावर आकडा यायचा बंद झाला, तेव्हाच. शेजारचा पोरगा म्हणाला, आजी, या वेळी नुसतं 'मिळाल्या' लिहिलंय. म्हटलं असंल घाईत. दुसऱ्या महिन्याला परत तेच. तुझी घाई मला ठाव नाय काय? तू घाईत असलीस तरी आकडा लिहितेस." तिने चपलेतली वाळू झटकली. "मग मी निवडून पाठवायला लागले."

"काय निवडून?"

"तिसऱ्या. म्हटलं, खायच्याच हायत तर बऱ्या तरी खा. तीन वर्षं तुला मोठ्याच पाठवतेय. चौकट शेजारणीला कोंबड्यांच्या खुराड्याला दिली."

पहिल्या तीन सोडल्या तर एकवीस पिशव्या. एकवीसशे तिसऱ्या, त्यात एकही लहान नाही. कोणत्याही खाडीत, कोणत्याही महिन्यात अशी संख्या निसर्गतः मिळणं अशक्य आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाने हे दुसऱ्या पिशवीला ओळखलं असतं. आणि मी, ज्या विषयात पाच वर्षं घालवली त्याच विषयातला हा ढळढळीत पुरावा, चोखून चोखून खात होते आणि 'यंदा तिसऱ्या छान आहेत, काकू' म्हणत होते. मला प्रबंध का जमला नाही, याचं यापेक्षा चांगलं स्पष्टीकरण अजून सापडलेलं नाही.

"मग तू उतरत का राहिलीस चिखलात?" मी म्हणाले. जरा चिडूनच. गुन्हेगार माणूस लवकर चिडतो. "गुडघा जाईपर्यंत?"

"तू नको म्हणालीस नाय."

"तुला माहीत होतं ना, काम बंद झालंय?"

"माहीत आणि ऐकलेलं यात फरक हाय गो," ती म्हणाली. "कधी कधी वाटायचं, असंल अजून चालू. आकडे आता वहीत लिहीत असंल, कार्डावर नसंल लिहीत. तू सांगशील म्हणून वाट बघत व्हते. सांगितलं असतंस तर मी काय, मारली असती तुला? आता सांगतेस, ते पण जपानी माणसाच्या तोंडून."

समोर दोन माणसं एका होडीवर माडाची झापं चढवत होती आणि एकमेकांना शिव्या देत होती.

"आता पावसाळा सरला तरी मी नाय जाणार खाडीत," आई म्हणाली.

तीन वर्षं मला हेच ऐकायचं होतं. ऐकून हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी मला कळलं की दर महिन्याला पिशवी येत होती तोवर मीही कुठेतरी धरून चालले होते की काम थांबलंय, संपलेलं नाही. हौसाकाकू खोबरं किसत असतानासुद्धा.

"बरं," मी म्हणाले. "गावात काय सांगणार?"

"मी काय सांगू? मी नाय सांगणार." पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "देवळात मी बोललेय. बाजारात मी बोललेय. येताजाता कोण कोण विचारतं, काय धोंडूबाय, आलं काय पुस्तक, तर मी आठ वर्षं बोलतेय, येतंय, येतंय. आता तू ये आणि तुझ्या तोंडानं सांग. तिकडं इंग्रजी अक्षरं नसतात, मराठीत सांगावं लागंल."

"येते."

"कधी?"

मी परीक्षेच्या कामाचं काहीतरी सांगणार होते. आणखी पंधरा दिवसांनी मोकळी झाले असते.

"उद्या," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही जयगडला गेलो. गाडीत आई खिडकीशी बसली आणि संपूर्ण रस्ताभर बाहेर बघत राहिली. मी गावातल्या माणसांची क्रमाने यादी करत होते: आधी पुजारी, मग शेजारी, मग बाजार. प्रत्येकासाठी वेगळं वाक्य. क्रम चांगला जमला होता. धक्क्यावर पोचलो तर जानू होडी घेऊन उभाच होता. तो माझ्या यादीत नव्हता.

आईला हात देऊन त्याने आत घेतलं. मी मागून चढले. होडीत आणखी कुणी नव्हतं. त्याने बांबू टेकून होडी लोटली आणि विचारलं, "काय बाय, झालं काय तिसऱ्यांचं पुस्तक?"

आईने खाडीच्या पाण्याकडे तोंड केलं. ती मदत करणार नव्हती.

"नाही झालं," मी म्हणाले. "आणि होणार नाही. तीन वर्षांपूर्वीच सुटलं ते. मी आईला सांगितलं नव्हतं."

जानू बांबू पाण्यात ठेवून थांबला. "म्हंजे त्या पिशव्या?"

"खाल्ल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्याने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आठ वर्षं त्याने त्या पिशव्या उन्हापासून जपल्या होत्या. त्यांच्यावर समुद्राचं पाणी शिंपडलं होतं, उतारूंना त्यांवर पाय ठेवू दिला नव्हता. मी त्याची बोलणी खायला तयार होऊन बसले.

"येकदा तरी चार काढून ठेवायच्या व्हत्या मी," तो म्हणाला. "विज्ञानाच्या म्हणून हात नाय लावला कधी."

आईच्या पाठीला हिसका बसला. ती हसली की रडली ते मला मागून कळलं नाही.

"मधी सरका बाय," जानू म्हणाला. "होडी कललेय."

मी सरकले. आईही सरकली, पण माझ्याकडे नव्हे, पलीकडच्या बाजूला. तोल सांभाळायला तेच बरोबर होतं.